‘लागणे’ आणि ‘उतरणे’ : कर्करोगविचाराच्या इतिहासातील दोन क्रियापदे

भिवंडी तालुक्यातील अंजूर हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांस १७३७-३९ च्या वसईच्या मोहिमेमुळे आणि त्या मोहिमेच्या उभारणीत भाग घेणाऱ्या गंगाजी नाईक अंजूरकरांमुळे परिचित आहे. प्रस्तुत लेखकास ते आजोळ म्हणून परिचित आहे. १९८८ च्या सुमारास तेथे नात्यातील एका मामींच्या स्तनात गाठ झाली. शहरातील रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन त्या परत आल्या, तेव्हा घरात त्यांचे ताट, वाटी आणि तांब्या वेगळा ठेवण्यात आला आणि धाकट्या मुलास त्यांच्याजवळ निजू देणे बंद झाले. कारण हा रोग ‘लागतो’. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलीचे जवळजवळ ठरलेले लग्न मोडले. कारण हा रोग मुलीत ‘उतरतो’. दोन्ही मते एकाच ओटीवर, पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या तोंडून ऐकू येत. नऊ वर्षांच्या मुलास त्यांतील विसंगती कळण्याचे कारण नव्हते. पुढे भाषाशास्त्राच्या अभ्यासास लागल्यावर ती दोन क्रियापदे मात्र मनातून गेली नाहीत.

त्या ओटीवरील मंडळींना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु विसाव्या शतकातील कर्करोगसंशोधनाचा इतिहास पाहू लागले म्हणजे असे दिसते की, युरोप-अमेरिकेतील आणि आपल्या परळच्या प्रयोगशाळांतील विद्वानही सुमारे सत्तर वर्षे याच दोन क्रियापदांमध्ये अडकलेले होते. कर्करोग हा बाहेरून येणाऱ्या कशाचा तरी परिणाम, की पेशीच्या आतील वारशाचा बिघाड, हा तो वाद होय. तो कसा मिटला आणि तो मिटल्याची वार्ता मराठी भाषेपर्यंत का पोहोचली नाही, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

प्रारंभी शब्दांविषयी थोडे. सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथि’ आणि ‘अर्बुद’ असे दोन शब्द येतात. एका अर्बुदावर दुसरे उद्भवले तर त्यास ‘अध्यर्बुद’ आणि जोडीने किंवा एकामागून एक झाले तर ‘द्विरर्बुद’ म्हटले आहे. ‘कर्करोग’ हा शब्द त्या परंपरेतील नव्हे. तो ग्रीक ‘कार्किनोस’ आणि लॅटिन ‘कान्सेर’ या खेकडावाचक शब्दांवरून बेतलेला आहे. आणि संस्कृत ‘कर्कट’ हा ‘कार्किनोस’चा नातलग असल्याने हे भाषांतर एका अर्थी घरातल्या घरातच झाले. ‘विषाणू’ची गोष्ट तर याहून मनोरंजक आहे. लॅटिन ‘वीरुस’ म्हणजे विष, आणि संस्कृत ‘विष’ व लॅटिन ‘वीरुस’ ही एकाच मूळ शब्दाची अपत्ये आहेत. ज्याने ‘विषाणू’ हा प्रतिशब्द घडविला त्यास हे ठाऊक असो वा नसो, शब्द मोठा नेमका साधला. ‘क्रोमोसोम’ हा शब्द १८८८ मध्ये वाल्डायर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने योजिला. त्याचा अक्षरार्थ ‘रंगीत काय’ असा आहे, कारण रंगद्रव्य लावल्यावर ते तंतू उठून दिसत. मराठीने ‘रंगसूत्र’ बाजूस ठेवून ‘गुणसूत्र’ पत्करले. सूत्राचा रंग गेला आणि गुण आला. हे गुण आईबापांकडून ‘उतरतात’ हे आपण शाळेतच शिकतो, आणि आमच्या पुढील अडचणीचे एक मूळ येथेच आहे.

गुणसूत्रांची बाजू प्रथम मांडली ती जर्मनांनी. १८९० मध्ये हान्सेमान याने अर्बुदांतील पेशी विषम रीतीने विभागताना पाहिल्या. थेओडोर बोव्हेरी याने सागरी अर्चिनाच्या अंड्यात एकाऐवजी दोन शुक्रपेशी शिरल्या असता काय होते, ते पाहिले. अशा अंड्यात विभाजनाची दोन टोके न होता तीन-चार होतात, गुणसूत्रांची वाटणी वेडीवाकडी होते आणि उपजणारे भ्रूण बिघडलेले निघते. १९१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने असे अनुमान मांडले की, एखाद्या पेशीत गुणसूत्रांची वाटणी अशीच चुकली तर ती पेशी अमर्याद वाढू लागेल आणि तिची सारी संतती तो दोष घेऊनच जन्मेल. ‘सेंट्रोसोम’, म्हणजे विभाजनाची टोके ठरविणारे केंद्रक, हे नावही बोव्हेरीनेच दिलेले. अशी केंद्रके वाढणे हे या चुकीचे एक कारण असावे, असा त्याचा तर्क होता. तो वाचकांनी लक्षात ठेवावा. शंभर वर्षांपूर्वीच्या या तर्काची गाठ पुढे अनपेक्षित ठिकाणी पडणार आहे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे. बोव्हेरी ज्या वारशाविषयी बोलत होता तो पेशीकडून पेशीकडे जाणारा वारसा होय, आईकडून मुलीकडे जाणारा नव्हे. एकाच देहात, एकाच अवयवात, एका पेशीपासून सुरू झालेले ते एक लहानसे घराणे आहे, आणि त्या देहाबरोबरच ते संपते. १९६० मध्ये नोवेल आणि हंगरफर्ड यांस फिलाडेल्फियात रक्ताच्या एका कर्करोगात जे आखूड गुणसूत्र सापडले ते याच प्रकारचे होते. रोग्याच्या रक्तपेशींत ते असे, इतर पेशींत नसे. ते जन्माबरोबर आलेले नव्हते. १९७३ मध्ये जॅनेट रोली यांनी दाखविले की, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन ते घडते.

दुसरी बाजू कोंबड्यांपासून सुरू झाली. १९०८ मध्ये कोपेनहेगनच्या एलरमान आणि बांग यांनी कोंबड्यांतील रक्ताचा कर्करोग पेशीविरहित गाळीव द्रवाने दुसऱ्या कोंबड्यांस देता येतो असे दाखविले. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनी मांसार्बुदाच्या बाबतीत तेच सिद्ध केले. गाळणीतून पेशी जात नाहीत, जंतू जात नाहीत. जे जाते ते विषाणू. म्हणजे कर्करोग ‘लागतो’! त्या काळच्या शास्त्रज्ञांनी हे फारसे मनावर घेतले नाही. कोंबडीचा रोग तो कोंबडीचा, माणसाशी त्याचा काय संबंध, असा एकूण सूर होता. राउस यांस नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी.

दोन्ही पक्षांची खरी गाठ पडली ती उंदराच्या दुधात. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत उंदरांचे काही वंश असे होते की, त्यांतील बहुतेक माद्यांस स्तनार्बुद होई. पिढ्यान्‌पिढ्या आईमागून मुलीस तोच रोग. यास ‘उतरणे’ म्हणावयाचे नाही तर कशास? परंतु संकराच्या प्रयोगांत एक विलक्षण गोष्ट आढळली. आई रोगी वंशाची आणि बाप निरोगी वंशाचा असेल तर मुलींत रोग पुष्कळ; याच्या उलट जोडी असेल तर फार थोडा. गुणसूत्रे तर दोन्हींकडून सारखीच येतात. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी रोगी वंशाची पिल्ले जन्मताच निरोगी वंशाच्या दाईकडे दुधास लावली आणि त्यांतील रोगाचे प्रमाण एकदम खाली आले. वारसा समजलेली गोष्ट आईच्या दुधातून लागत होती. बिटनर यांनी तिला ‘दुधातील घटक’ एवढेच म्हटले. तो विषाणू आहे हे पुढे निश्चित झाले.

याच उंदरांच्या वाटेने हा प्रश्न मुंबईस आला. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. विकृतिशास्त्राचे हे आचार्य पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. मुंबईसारख्या बहुजिनसी शहरात कोणत्या समाजात कोणत्या अवयवाचा कर्करोग अधिक आढळतो, याकडे त्यांचे विशेष लक्ष होते. १९५२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले.

डॉ. कमल रणदिवे या त्यांच्या शिष्या. पूर्वाश्रमीच्या समर्थ, जन्म पुण्याचा, १९१७ चा, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम्. एस्सी. केले, त्याचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींचे पेशीजननशास्त्र, म्हणजे मुख्यतः गुणसूत्रांचा अभ्यास. त्यांच्या चरित्रलेखनात या गोष्टीचा उल्लेख एका ओळीत उरकला जातो. मला ती फार अर्थपूर्ण वाटते. सीताफळ-रामफळाची गुणसूत्रे न्याहाळणाऱ्या या बाई मुंबईस आल्या, खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली उंदरांतील स्तनार्बुदावर संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळविती झाल्या, आणि नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत शिकून परतल्या. देहाबाहेर काचपात्रात पेशी वाढविण्याचे तंत्र त्यांनी परळमध्ये रुजविले. स्तनार्बुदाचे प्रमाण अधिक असलेला उंदरांचा एक वंश तेथे जोपासण्यात आला. संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास ‘आयसीआरसी’ असे नाव पडले. गुणसूत्रांच्या शाळेत तयार झालेले मन विषाणूच्या प्रश्नाकडे वळले तेव्हा त्याने ‘हे की ते’ असे विचारले नाही. शरीरातील संप्रेरके, वंशाची प्रवृत्ती आणि अर्बुदजनक विषाणू यांच्या परस्परक्रियेतून रोगाची शक्यता ठरते, ही दृष्टी रणदिव्यांनी अगदी आरंभीच्या काळात स्वीकारली होती.

उंदरात जे खरे ते माणसात खरे असेल काय? या प्रश्नाचा एक धागा थेट मुंबईच्या पारशी समाजापर्यंत गेला. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे मुंबईतील नोंदींवरून दिसत होते. समाज लहान, विवाह आपसांतले; वंशपरंपरेचा संशय साहजिकच होता. परंतु उंदराच्या दुधाचा अनुभव ताजा असल्याने दुधातही शोध घेणे प्राप्त होते. अमेरिकेतील डॅन मूर यांच्या गटाने केलेल्या या शोधात परळच्या डॉ. सत्यवती सिरसाट सहभागी होत्या; भारतात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कर्करोगाच्या पेशी अभ्यासणाऱ्या त्या अग्रणी होत. १९७१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात वृत्त आले की, उंदरातील विषाणूसारखे दिसणारे कण काही स्त्रियांच्या दुधात आढळतात आणि पारशी स्त्रियांच्या दुधात त्यांचे प्रमाण अमेरिकेतील सर्वसाधारण स्त्रियांहून अधिक आहे. त्या वृत्ताने मोठी खळबळ उडाली. परंतु दिसण्यातील साम्य म्हणजे कारण नव्हे. असा विषाणू मानवी स्तनकर्करोगाचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले नाही. आणि स्तनाचा कर्करोग एका स्त्रीकडून दुसरीस, अथवा आईच्या दुधातून मुलीस लागतो, याला आधार नाही. अंजूरच्या घरात १९८८ मध्ये वेगळे मांडलेले ते ताट निष्कारण मांडले होते.

वाद मिटण्यास प्रारंभ झाला तो १९७६ मध्ये. त्या वर्षी स्टेहेलिन, वार्मस, बिशप आणि त्यांचे सहकारी यांनी दाखविले की, राउस यांच्या विषाणूत अर्बुद घडविणारे जे जनुक आहे ते मूळचे विषाणूचे नव्हेच. ते कोंबडीच्या निरोगी पेशीतील जनुक असून विषाणूने कधी काळी उचललेले आहे. त्याच वर्षी नोवेल यांनी, १९६० च्या आखूड गुणसूत्राचे ते संशोधक, असा सिद्धांत मांडला की, अर्बुदाच्या पेशीकुलात जनुकीय अस्थैर्य शिरते, त्यामुळे पिढीगणिक नवे फेरफार साचत जातात, आणि त्यांतील जी पेशी अधिक जोमाने वाढते ती इतरांस मागे टाकते. एका निबंधाने विषाणूचा प्रश्न पेशीच्या आत नेला; दुसऱ्याने आतील बिघाडास काळाची आणि निवडीची गती दिली. १९८२ मध्ये नुसे आणि वार्मस यांनी बिटनरच्या उंदरांच्या विषाणूचेही कोडे उलगडले: तो उंदराच्या गुणसूत्रात स्वतः जाऊन बसतो आणि शेजारच्या जनुकास अवेळी जागे करतो. इतकेच नव्हे, काही उंदरांत तो बीजपेशींतच ठाण मांडून असल्याने खरोखरच वंशपरंपरेनेही येतो. एकच विषाणू लागतोही आणि उतरतोही! व्याकरणकारांनी यापुढे काय करावे?

माणसाच्या बाबतीत या दोन विचारांचा सर्वांत स्पष्ट संगम आढळतो तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगात. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटास या रोगाच्या ऊतींत मानवी पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार १९८३ मध्ये आणि अठरावा १९८४ मध्ये सापडला. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातून १९५१ मध्ये, तिला न विचारता घेतलेल्या आणि आजही जगभर वाढविल्या जाणाऱ्या ‘हेला’ पेशींतही हा अठरावा प्रकार आहे. त्या पेशी प्रथम वाढविल्या त्या बाल्टिमोरच्या त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, जेथे रणदिवे शिकल्या.

विषाणू येथे काय करतो? तो स्वतः अर्बुद ‘घडवीत’ नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. बहुतेक स्त्रियांत हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. ज्या थोड्या स्त्रियांत तो टिकून राहतो त्यांच्या पेशींत विषाणूची दोन प्रथिने काम करू लागतात. एक प्रथिन ‘पी-५३’ नावाच्या पहारेकऱ्यास नष्ट करविते; पेशीतील जनुकद्रव्य दुखावले असता विभाजन थांबविणे, आणि दुरुस्ती न साधल्यास पेशीस मरू देणे, हे त्या पहारेकऱ्याचे काम. दुसरे प्रथिन विभाजनावरील दुसरा अडसर काढून टाकते. एवढ्यावर ते थांबत नाही: या दुसऱ्या प्रथिनाच्या प्रभावाखाली पेशीतील सेंट्रोसोम अवाजवी वाढतात, विभाजनास दोनाऐवजी तीन-चार टोके फुटतात आणि गुणसूत्रांची वाटणी चुकते. बोव्हेरीने अर्चिनाच्या अंड्यात पाहिले ते हेच. त्यानंतर वर्षानुवर्षे चुकीवर चूक साचत जाते. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचे अंतर बहुधा दहा-वीस वर्षांचे असते, ते याचमुळे. विषाणू ‘लागतो’ हे खरे, परंतु त्याने लावलेली गोष्ट म्हणजे रोग नव्हे. लागते ते अस्थैर्य.

या दीर्घ अंतरातच वाचविण्याची संधी आहे, आणि ती मोजून दाखविली गेली ती आपल्या मराठवाड्यात. बार्शी येथे १९८७ पासून बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील खेड्यांची कर्करोगनोंदणी चालू झाली. तेथील नर्गिस दत्त स्मारक रुग्णालयाचे डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी गावोगाव जाऊन या रोगाविषयी बोलत. केवळ या बोलण्यानेही स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्याचे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नमूद आहे. भाषेच्या अभ्यासकास याहून समाधान देणारे वाक्य वैद्यकात क्वचितच मिळेल. पुढे १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांची चार गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाची विषाणूसाठी एकच एकदा चाचणी झाली, दुसऱ्याची पेशीपरीक्षा झाली, तिसऱ्यात ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली. चौथा गट तपासणीविना तुलनेसाठी होता. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या रोगाने ३४ मृत्यू झाले, तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांत ६४. इतर दोन पद्धतींनी मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. जगातील धोरणे बदलण्यास या आकड्यांचा फार मोठा उपयोग झाला.

तथापि त्या ६४ मृत्यूंवरून दृष्टी लगेच हलविणे मला योग्य वाटत नाही. चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी का केली नाही, हा प्रश्न नंतर अनेकांनी जाहीरपणे उपस्थित केला. जिल्ह्यात एरवी कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, तेव्हा त्यांच्यापासून काही हिरावून घेतले नाही, असे उत्तर देण्यात आले. युक्तिवाद म्हणून ते टिकते. परंतु ज्या देशात काहीच मिळत नाही हीच नेहमीची पातळी धरली जाते, तेथे अशा युक्तिवादाचा उपयोग किती जपून करावयास हवा, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच ठरवावे.

लशीचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे प्रयोजन नाही. पहिली लस २००६ मध्ये आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीस २०२२ मध्ये भारतात मान्यता मिळाली. २००९ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१० मध्ये मध्येच थांबवाव्या लागलेल्या एका भारतीय चाचणीत, जिची केंद्रे बार्शी आणि पुणे येथेही होती, पुष्कळ मुलींस एकच मात्रा मिळाली. त्या मुलींचे पुढे वर्षानुवर्षे निरीक्षण केल्यावर एका मात्रेनेही चांगले संरक्षण मिळते असे आढळले.

आता पुन्हा शब्दांकडे. इंग्रजीतील ‘जेनेटिक’ या एका विशेषणास मराठीत ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ असे दोन पर्याय आहेत, ही खरे तर आपली श्रीमंती होय. परंतु वृत्तपत्रांत, भाषणांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यातही ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रत्येक कर्करोग जनुकीय असतो. आनुवंशिक कर्करोग मात्र शंभरांत पाच ते दहा. १९७१ मध्ये नुडसन यांनी डोळ्याच्या एका बालकर्करोगावरून दाखविले की, क्वचित एक दोष जन्माने येतो आणि दुसरा नंतर घडतो, एरवी दोन्ही नंतरच घडतात. १९९४ आणि १९९५ मध्ये स्तनकर्करोगाशी निगडित अशी दोन वंशागत जनुके ओळखली गेली. म्हणजे ‘उतरणे’ सर्वस्वी खोटे नव्हे. पण तेथेही मुलीकडे उतरतो तो रोग नव्हे, रोगाची शक्यता, आणि तीही आईबापांपैकी कोणाकडूनही. ‘विषाणुजन्य’ या शब्दाची तीच गत. संसर्गाशी निगडित कर्करोग जगात सुमारे आठव्या भागाइतके आहेत, आणि त्यांतील एकही ताटावाटीने लागत नाही.

मराठीत ‘दृष्ट लागते’ आणि मग ती ‘उतरवितात’. ताप उतरला की घर सुटकेचा श्वास घेते. रोग उतरला म्हटले की मुलीचे लग्न मोडते. क्रियापदे तीच, आणि वाक्यातील कर्ता कोण याचा विचार बोलणारा करीत नाही. रुग्णालयातून परतताना मामींना सांगितले गेले होते ते एवढेच, की पेशींच्या मुळातच बिघाड झाला आहे. ‘मूळ’ म्हणजे पेशीचे केंद्र, असे सांगणाऱ्याच्या मनात असावे. ऐकणाऱ्यांनी ते घराण्याचे मूळ समजून घेतले. त्यांच्या त्या थोरल्या मुलीचे लग्न पुढे सहा वर्षांनी, दूरच्या गावी, आईचा आजार न सांगता झाले. आज त्यांनी पन्नाशी ओलांडली असून त्यांस स्वतःस दोन मुली आहेत. गेल्या गणपतीत त्या अंजुरास आल्या होत्या, तेव्हा त्यांनी मला बाजूस घेऊन हळूच विचारले, “तू शिकलेला आहेस, म्हणून विचारते; आईचे ते माझ्या पोरींना सांगावे का रे?”